चढ आला की उतरायचं

आमच्या पाड्याच्या खाली एक चढ आहे. मोखाड्याहून सूर्यमाळच्या बाजूला येताना डांबर सोडून आत वळलं की थोडी सपाटी लागते आणि मग रस्ता एकदम वर उभा राहतो. माझी पिकअप तिथं आली की मागे बसलेली माणसं कुणी न सांगता उतरतात. पिशव्या गाडीतच ठेवतात आणि पायवाटेनं चालू लागतात. मी रिकामी गाडी वर नेईपर्यंत ती माथ्यावरच्या जांभळीखाली बसून माझी वाट बघत असतात. ही रीत माझ्या आधीची. पूर्वीच्या जीपा चढावर धापा टाकायच्या, म्हणून लोक उतरायचे. जीपा भंगारात गेल्या, उतरणं राहिलं.

पिकअप मी जुनीच घेतली. तिच्यात बसलं की मला स्वप्नं पडतात, तीही जागेपणी. रस्ता ओळखीचा, हात आपोआप वळतात, आणि मी कुठल्या कुठे गेलेलो असतो. बायको म्हणते, "तुझं इंजिन चालू असतंय, पण तू कुठं असतूस कुणाला ठाव!" तिचं काही चुकत नाही.

त्या उन्हाळ्यात स्वप्नांना चांगलाच रंग होता. राबाचे दिवस होते. भात-नाचणीची रोपं टाकायच्या जागेवर पाला, फांद्या, शेण पसरून ती भाजून काढतात, त्यामुळे चैत्र-वैशाखात आमच्याकडे सगळ्या दऱ्या धुरानं भरलेल्या असतात. सकाळी उतरताना वाटायचं, खाली गाव नाहीच, नुसतं दूध सांडलंय. त्या दुधातून माझी गाडी चालायची आणि अधूनमधून एक मजा व्हायची. पाय दाबला की इंजिनाचा आवाज पुढे निघून जायचा आणि गाडी मागे रेंगाळायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. वाटायचं, गाडीलाही माझ्यासारखंच होतंय.

याच दिवसांत आई जव्हारला माझ्या बहिणीकडे पडून होती. मोहाची फुलं वेचताना खडकावरून घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, पण अजून महिनाभर पायावर भार द्यायचा नव्हता. बहिणीकडे पंखा होता, नळ होता, आणि आई भिंतीकडे तोंड करून निजायची. मी गेलो की एकच विचारायची, "राब भाजला का?"

मेहुणा म्हणाला, चढाला उतरावंच लागतं, तिथवर गाडीनं न्या, पुढे झोळी करू, चौघं जण खांदा देऊ. आईनं मान फिरवली. माझ्या बापाला त्याच चढावरून झोळीत खाली नेलं होतं, तेव्हा गाडीचा रस्ता नव्हता. तो परत वर आला नाही. आई म्हणाली, "झोळीत मी नाय बसायची. तुझ्या गाडीत बसून येईन, नायतर इथंच ऱ्हाईन." मी छाती काढून हो म्हणालो.

दोनच दिवसांनी शेजाऱ्याच्या घरकुलाचं सिमेंट घेऊन येत होतो. सिमेंटच्या गोण्या काही चढाला उतरून चालत नाहीत. अर्ध्या चढावर इंजिन किंचाळायला लागलं आणि गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली. मी पाय दाबतोय, आवाज वाढतोय, आणि बाजूचं करवंदीचं जाळं आहे तिथंच आहे. मग तेही हळूहळू पुढे सरकायला लागलं. गाडी मागे चालली होती. ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून मी खाली उतरलो आणि चाकांमागे दगड लावले. गोण्या आठ होत्या. माझ्या डोळ्यांपुढे गोण्या नव्हत्या, आई होती.

मी डिझेलवर खापर फोडलं. डिझेलचा फिल्टर बदलला, मग हवेचा. रिकामी गाडी चढ चढली, मला वाटलं जमलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचे भरलेले ड्रम घातले, आणि पुन्हा तेच. शेवटी जव्हारच्या मिस्त्रीकडे गेलो. म्हातारा माणूस, उमेदीत भिवंडीला ट्रकांवर काम केलेला, अर्धं हिंदीत बोलणारा.

त्यानं बॉनेट उघडलंच नाही. म्हणाला, "हँडब्रेक ओढ. तिसऱ्यात टाक. आता क्लच धीरे धीरे सोड."

मी सोडला. इंजिन बंद पडलं नाही, आरामात गुणगुणत राहिलं. मला बरं वाटलं. "बघा, बंद नाय पडली!"

"खूश क्या होता है? बंद पडायला पाहिजे होती. चाकं बांधलेली, गिअर पडलेला, आणि इंजिन फिरतंय. मंजे मधी क्लचची प्लेट घसरते. इंजिनाचा जोर चाकापर्यंत जातच नाय."

मग त्यानं विचारलं, जळका वास येत नव्हता का? मी म्हणालो, येत होता, पण राबाचे दिवस, सगळा मुलूखच जळतोय. त्यानं विचारलं, भरलेली गाडी चढावर कशी ओढायची? मी म्हणालो, आमच्याकडे चढावर गाडी भरलेली नसतेच, माणसं उतरतात. म्हातारा खो खो हसला. म्हणाला, "तुझ्या माणसांनी तुझी बिमारी लपवली रे."

गिअरबॉक्स खाली उतरेपर्यंत मी आंब्याखाली बसलो होतो. डोळा लागला असावा. बाप चढावरून हळूहळू वर येत होता, खांद्यावर कोयता, भोवती धूर. चालत होता, पण पोचत नव्हता. मिस्त्रीनं हाक मारली तेव्हा माझे डोळे ओले होते आणि त्याच्या हातात क्लच प्लेट होती. भाकरीएवढी, काळी, पार झिजून आतली पितळी रिबिटं वर आलेली.

"डावा पाय कुठं असतो तुझा, गाडी चालवताना?"

मी विचार केला. मला माहीतच नव्हतं. स्वप्नात असताना कुणाला पाय आठवतात? पण तो क्लचवरच असायचा, सबंध वेळ, हलका टेकलेला, प्लेट घासत ठेवणारा. आठवलं तसं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धूर, माणसं, डिझेल, सगळ्यांना नावं ठेवून झाली होती, आणि प्लेट माझ्याच पायानं खाल्ली होती.

नवी प्लेट बसली. मी आईला आणायला गेलो. पुढच्या सीटवर उशी, उशीवर पाय, मांडीवर बहिणीनं दिलेलं गाठोडं. मोखाड्यात बाजार होता, मागे पाड्यातली आठ-दहा माणसं बसली. आई काचेतून धूर बघत होती. मी डावा पाय खाली टेकवला होता आणि मनातल्या मनात त्याला दम देत होतो.

चढ आला. मी ओरडलो, "बसा, उतरू नका, गाडी ओढती आता!" कोण ऐकतंय! धपाधप सगळे उतरले आणि पायवाटेला लागले. मी हसून बाजूला बघितलं तर आईचा हात दाराच्या कडीवर होता.

"काय करतेस?"

"उतरू दे रं मला. गाडीला भार व्हईल."

दीड महिन्यात अर्धी झालेली बाई. मी तिचा हात कडीवरून काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि पहिला गिअर टाकला. आवाज वाढला आणि त्याच्याबरोबर गाडीही निघाली. करवंदीचं जाळं मागे गेलं. सिमेंटवाल्या दिवशीचे दगड मागे गेले. बापाला जिथून खाली नेलं ते वळण आलं तेव्हा आईनं डोळे मिटले, मी पाय दाबला, आणि वळणही मागे गेलं.

जांभळीखाली कुणीच नव्हतं. आम्ही आधी पोचलो होतो. आईनं डोळे उघडून इकडं तिकडं बघितलं, समोर आमचा भाजलेला काळा राब दिसला, तो तिनं बराच वेळ बघून घेतला. मग पायवाटेकडे मान वळवून म्हणाली, "किती येळ लावतात ही माणसं!"