डाव्या बाजूची गोळी

देवासला थोरल्या पातीच्या दफ्तरात मोरोपंतांची नोकरी होती. संस्थान विलीन झालं, दफ्तर गेलं, पेन्शन राहिली. बाहेर मध्यभारताचं सरकार आलं, पण स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी यमुनाबाईंचंच राज्य होतं. त्यांना सगळे अक्का म्हणत. घरात आलेली कुठलीही वस्तू, मग ती गुळाची भेली असो की सुनेच्या माहेरचं लुगडं, आधी अक्कांच्या फडताळात जायची आणि तिथून वाटणीला निघायची. अक्कांना कुणी कंजूष म्हणालं नसतं. वाटणीचा क्रम त्यांना श्लोकासारखा पाठ होता, एवढंच. आधी मोरोपंत, मग थोरला मुलगा श्रीपाद, मग आखाड्यात जाणारा धाकटा शालिग्राम. बायकांचं नंतर, आणि बायकांतही आधी अक्का.

सरला ही श्रीपादची बायको. धारची. बोलायला हळू, कामाला चपळ. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं. दुसरं जन्मून रडलं, पण बारशापर्यंत टिकलं नाही. दोन्ही वेळा ती बाळंतपणाला धारला गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आई गेलेली होती आणि भावजयीनं बोलावलं नाही. सरलानंही विषय काढला नाही.

पाचवा महिना लागला तशी दिवेलागणीला तिला नीट दिसेना. कोनाड्यापर्यंत ती भिंत चाचपत जायची. एकदा वात समईत घालायच्या ऐवजी तिनं बाहेर पाटावर ठेवली आणि श्रीपादनं ते पाहिलं.

"अक्का, हिला दवाखान्यात न्यायला हवं."

"पोटुशीला होतं तसं. आम्हाला नव्हतं का झालं? बाळंत झाली की जातं."

"दोनदा बाळंत झाली, अक्का. काय राहिलं?"

एवढं बोलून श्रीपाद सायकल घेऊन कचेरीत गेला. पण बोलला. दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः सरलाला टांग्यातून घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाई हिंदी बोलायच्या. त्यांनी सरलाची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली. नखं कागदासारखी पांढरी.

"खाती क्या हो बाई?"

"सगळं खाते," अक्का म्हणाल्या. "हमारे घर में किसी चीज की कमी नहीं."

"मैंने इनसे पूछा, माँजी."

सरला जमिनीकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी अशा जमिनीकडे बघणाऱ्या पुष्कळ पाहिल्या असाव्यात. त्या म्हणाल्या, "दूध, हरी भाजी, गाजर, सब बोलूँगी. पर वो तो बाँटकर खाया जाता है ना? इसलिए ये गोली. इसमें लोहा भी है, विटामिन भी. बदन में कुछ बचा नहीं, बच्चा कहाँ से लेगा? रोज एक. नागा नहीं करना. एक दिन में असर नहीं दिखेगा, पर रोज का रोज जाएगा तो भरेगा."

गोळी तरी कुणी वाटून घेणार नाही, असं त्या बाईंना वाटलं. त्या काही देवासच्या नव्हत्या.

श्रीपादनं इंदूरहून बाटली आणवली आणि रिवाजाप्रमाणे अक्कांच्या हातात दिली.

"माशाचं तेलबिल नाही ना यात?"

"नाही, अक्का. ताकद येण्याच्या गोळ्या आहेत. जीवनसत्त्वं आहेत, लोह आहे."

ताकद हा शब्द त्यानं वापरायला नको होता. औषध म्हणाला असता तर ती बाटली आजारी माणसाची झाली असती. ताकद म्हणजे तूप. ताकद म्हणजे बदाम. आणि घरात आलेलं तूप सुनेनं एकटीनं खायचं, हे अक्कांनी कुठं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पानं वाढायच्या वेळी अक्कांनी सरलाच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. "ह्यांना, श्रीपादला, शालिग्रामला. डावीकडे वाढ, लिंबाच्या फोडीशेजारी."

सरलानं वाढल्या. मीठ, लिंबू, चटणी, गोळी.

"हे काय?" मोरोपंतांनी विचारलं.

"शक्तीचं आहे. लोह असतं म्हणे त्यात."

"म्हणजे आता लोखंड खायचं का आम्ही?" असं म्हणत त्यांनी ती सुपारीसारखी चावली आणि तोंड वाकडं केलं.

शालिग्राम म्हणाला, "वहिनी, मला दोन घाल. घाम मी गाळतो, दादा कचेरीत नुसता पंख्याखाली बसतो."

त्याला दुसऱ्या दिवसापासून दोन मिळू लागल्या. श्रीपाद आपली गोळी मुकाट्यानं गिळायचा. घरात बाटली आली आहे तर सगळेच घेत असतील, सरलाही घेत असेल, असं त्यानं धरून ठेवलं. विचारलं नाही. त्या घरात बायकोला चारचौघांत काही विचारायची पद्धत नव्हती.

बाटली संपली, दुसरी आली. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पापणी ओढली आणि कपाळाला आठी घातली.

"गोली खाई?"

अक्का शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. सरला म्हणाली, "हो."

"रोज?"

"रोज."

"तो फिर लगी क्यों नहीं?"

टांग्यात बसताना अक्का म्हणाल्या, "बघ, गोळीनं काही होत नाही म्हणून मी सांगतच होते. ही बाटली संपली की बंद."

श्रीपाद संध्याकाळी घरी आला तेव्हा ती विहिरीपाशी हंडा घासत होती. घासत म्हणजे, राख कुठं पडते आहे ते न दिसता हात फिरवत होती. त्यानं आवाज दाबून विचारलं, "तू घेतेस ना गोळी?"

"उरली तर."

"उरली तर म्हणजे?"

"म्हणजे उरत नाही."

आईशी भांडणं त्याला कधी जमलं नव्हतं आणि त्या दिवशीही जमलं नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवून उठताना त्याच्या ताटात डावीकडची गोळी तशीच राहिली.

"श्रीपाद, गोळी टाकलीस."

"नको वाटते, अक्का. लोखंडी ढेकर येतात."

"मग शालिग्रामला दे."

"आता कशी देऊ? माझ्या ताटातली. उष्टी झाली."

अक्कांचा हात पुढे आला होता तो मागे गेला. नवऱ्याचं उष्टं बायकोनंच खायचं. सरला रोज श्रीपादच्याच ताटात जेवायची. पोळी, वरण तिथं कधी उरलेलं असे, कधी नसे. आता एक गोळी उरू लागली. अक्कांनी पुढं गोळी ताटाऐवजी हातावर द्यायला सांगून पाहिलं. श्रीपाद ती तोंडाजवळ नेऊन मिठाशेजारी ठेवायचा. त्याला रोज लोखंडी ढेकर येऊ लागले.

बाटली संपली तेव्हा त्यानं न विचारता नवी आणली.

महिना होत आला तशी दिवेलागणीची भिंत सरलाला दिसू लागली. आधी नुसती कड, मग कोनाडा, मग कोनाड्यातली काड्यापेटी. चुलीची माती खावीशी वाटायची, तेही थांबलं. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर अक्का म्हणाल्या असत्या, चला, भरलं, आता पुरे.

आणि श्रीपादची खातेगांवच्या तहसिलीत बदली झाली.

तो जाताना अक्कांना म्हणाला, "गोळी हिला द्या." अक्का म्हणाल्या, "हो रे, मी काय वैरीण आहे?" त्या वैरीण नव्हत्याच. त्यांनी मोरोपंतांना दिली, शालिग्रामला दिली, आणि बाटली फडताळात ठेवताना म्हणाल्या, "सरला, तुझी उद्या. जरा पुरवून घ्यायला हवी. आता आणणारा इथं नाही." दुसऱ्या दिवशीही उद्याच होती. सरला आता धुतलेल्या ताटात जेवत होती. धुतलेल्या ताटात डावीकडे काही नसतं.

काही आठवड्यांनी संध्याकाळच्या पंक्तीला तिनं मोरोपंतांच्या वाटीत आमटी ओतली. वाटी तिथं नव्हती. कढत आमटी त्यांच्या पायावर गेली. ते ओरडले, शालिग्राम धावला, अक्कांनी फोडणीला मागावं तसं शांतपणे तेल मागितलं. सरला पळी हातात धरून उभी होती. पोटातलं मूल तिला आज दिवसभर हललेलं जाणवलं नव्हतं. आत्ता आवाजानं ते एकदाच हललं.

सकाळी अक्का कणीक मळत होत्या. हात भरलेले. मोरोपंत पायाला चिंधी बांधून पाटावर बसले होते, शालिग्राम शेजारी.

"सरला, फडताळातून बाटली घे. तीन काढ. ह्यांना एक, ह्याला दोन."

सरलानं बाटली घेतली, झाकण काढलं, आणि बाटलीचं तोंड ओठाला लावलं. पाण्याचा तांब्या लावावा तसं, सगळ्यांसमोर. एक गोळी जिभेवर आली. ती तिनं गिळली आणि झाकण लावलं.

"अगं!" अक्का म्हणाल्या.

"उष्टी झाली, अक्का. सगळी बाटली."

"अरे वहिनी, ये क्या किया!" शालिग्राम हसायला लागला आणि आईचं तोंड बघून थांबला.

मोरोपंतांनी घसा साफ केला. "पोळी वाढा," म्हणाले.

"सोवळं मोडलंस," अक्का म्हणाल्या. "आज स्वयंपाकाला शिवू नकोस. आणि ती बाटली माझ्या फडताळात यायची नाही."

"बरं."

बाटली मोरीच्या खिडकीत गेली, राखेच्या डब्याशेजारी. अक्का सुनेशी कामापुरतं बोलू लागल्या आणि काम तर दिवसभर होतं. आंघोळ करून सरला पुन्हा चुलीपुढं बसली, कारण दुसरं कोण बसणार होतं? माहेर नाही, नवरा खातेगांवला, बोलायला भिंती. पण सकाळी तोंड धुतलं की ती खिडकीशी जायची आणि एक गोळी घ्यायची. बाटली संपत आली तेव्हा तिनं श्रीपादला कार्ड टाकायला शालिग्रामला सांगितलं. तो म्हणाला, "लिहितो वहिनी, पण पैलवानाची ताकद तू खाल्लीस हं."

मुलगी झाली. दवाखान्यात. लहानशी, पण रडली ती डॉक्टरीणबाईंनी कानावर हात ठेवावेत अशी. त्यांनी पुन्हा सरलाची पापणी पाहिली आणि या वेळी काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं, "दूध पिलाओगी तब तक चालू रखना."

सोयर फिटल्यावर अक्का न्यायला आल्या. टांग्यात त्यांनी मुलगी स्वतःच्या मांडीवर घेतली, तिची टाळू चोळली, नाक ओढून सरळ केलं.

"एवढ्या गोळ्या खाऊन मुलगीच," म्हणाल्या. पण मुलीला पदराआड घेतलं, वारा लागू नये म्हणून. "आता झालं ना तुझं? आता बंद कर."

"अंगावर पाजतेय तोवर घ्यायच्या आहेत, अक्का."

"मग तोवर तुझं पान वेगळं. पंक्तीत नाही, माझ्या शेजारी नाही. एकटी बसायचं."

सरलानं मुलीचा पाय पदराबाहेर आला होता तो आत सारला.

"एकटीच बसेन," ती म्हणाली.

अक्कांनी टांगेवाल्याच्या पाठीकडे बघत म्हटलं, "भिया, जरा जल्दी. घरी स्वयंपाक पडलाय."