पान दोनशे बारा

कॉलेजच्या ग्रंथपालबाईंना प्रबंधांचा कंटाळा आला होता आणि तो त्या लपवतही नसत. प्रबंधाच्या शेवटची संदर्भांची यादी बाईंनी तपासून सही केल्याशिवाय कार्यालय प्रबंध घेत नसे. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. न उघडलेल्या पुस्तकांची नावं छातीठोकपणे देणाऱ्या आणि लेखकाचं आडनाव आधी लिहायचं विसरणाऱ्या पोरांना सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस आला होता. गुडघे तर शिडीनेच खाल्ले होते.

आज समोर बहिणीची मुलगी उभी होती. प्रबंध द्यायची मुदत पाचला संपत होती.

"मावशी, कर ना गं सही. तीन वाजले."

"इथे बाई म्हणायचं." भाची म्हणून बाई आज जरा जास्तच बारकाईने बघत होत्या. "हा विहिरींचा अहवाल, पान दोनशे बारा. 'शहरातल्या निम्म्या विहिरी बुजवल्या.' तू पाहिलास का अहवाल?"

"सगळेच देतात तो संदर्भ."

"सगळ्यांचं राहू दे. तू पाहिलास?"

बाई सुस्कारा टाकून उठल्या आणि शिडी चढल्या. अहवाल जागेवरच होता, धुळीने माखलेला. तो एकशे ऐंशी पानांत संपत होता, आणि विहिरी बुजवल्याचा त्यात उल्लेखही नव्हता. पुस्तक घरी नेल्याच्या तारखेचे शिक्के मारायची मागची पट्टी कोरी करकरीत होती.

"मग दोनशे बारावं पान आलं कुठून?"

भाचीने ते आधीच्या एका प्रबंधातून उचललं होतं. त्याने त्याच्या आधीच्यातून. बाईंनी एकेक करत चार प्रबंध काढले. चारही याद्यांखाली बाईंचीच सही होती. संदर्भ ओळखीचा वाटायचा, म्हणून त्यांनी तो कधी तपासलाच नव्हता.

पाचवा, सगळ्यांत जुना प्रबंध उघडला आणि त्या स्टुलावर बसल्या. तो त्यांचा स्वतःचा होता, नोकरी लागायच्या आधीचा. सरांनी वर्गात सहज सांगितलेलं वाक्य त्यांनी घेतलं होतं. नुसतं वाक्य उघडंबोडकं दिसतं म्हणून अहवालाचं नाव जोडलं होतं, आणि पान ठोकून दिलं होतं. आणि इतकी वर्षं दुसऱ्यांचे कान उपटत होत्या! बाईंना स्वतःची मनापासून लाज वाटली.

भाचीनेही वाकून नाव वाचलं. "जाऊ दे ना, मावशी," ती हळूच म्हणाली. "कोणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी वाक्यच खोडते."

बाईंना खरंच थकल्यासारखं झालं होतं. हो म्हणणं फार सोपं होतं.

"खोडलंस तर पुढच्या वर्षी दुसरी कोणी उचलेल," त्या म्हणाल्या. "खाली टीप लिही. हे विधान मूळ अहवालात नाही. ते पहिल्यांदा माझ्या या प्रबंधात आलं, आणि ते निराधार आहे. तेवढं पान नव्याने छापून आण, मग सही करते."

भाचीने पेन उघडलं, पण ते कागदावर टेकेना. "नाव पण लिहू?"

"लिही. आडनाव आधी."