निळ्या रंगावर काय चढवायचं

मी घेतलेली पहिली नवी गाडी गडद निळी होती. ती आली त्याच आठवड्यात बाबांना घेऊन मी वारज्याच्या एका दुकानात गेले. तिथे गाडीच्या रंगावर संरक्षक थर चढवून देतात. बाबांनी तीस वर्षं गॅरेजात गाड्या रंगवल्या. धाप लागू लागली तशी स्प्रेगन सुटली.

दुकानाच्या आतल्या खोलीत छतभर पांढरे दिवे होते. बाहेर टळटळीत दुपार, आत थंड, बिनसावलीचा उजेड. आमची गाडी त्यात जमिनीपासून बोटभर वर तरंगल्यासारखी दिसत होती. मी नकळत आवाज खाली आणून बोलू लागले.

दुकानाचे मालक समजावत होते, “सिरॅमिक कोटिंग म्हणजे पातळ द्रव. चोळला की कडक होतो. चमक येते, पाणी थांबत नाही. पण खडा उडाला तर टवका जाणारच. ही दुसरी पारदर्शक फिल्म. ती जाड असते, खड्याचा मार खाते. महाग आहे, एवढंच.”

“सोफ्याचं प्लास्टिक वर्षानुवर्षं न काढणाऱ्यांची सोय झाली म्हणायची,” बाबा म्हणाले.

मालक हसले. फिल्म लावलेलं एक सुटं बॉनेट पुढे ठेवून त्यांनी बाबांच्या हातात तारेचा ब्रश दिला. “घासा, काका.”

बाबांचा हात उचलेना. शेवटी त्यांनी डोळे बारीक करून एकदाच ब्रश ओढला. ओरखडे उमटले. मालकांनी त्यावर किटलीतलं गरम पाणी ओतलं. वाफ उठली, हळूहळू विरली. उष्णतेने ओरखडे भरून आले होते.

बाबा वाकून पाहतच राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “असाच निळा होता. तीन दिवस लागले होते मला रंगवायला. गाडी कात्रजचा घाट उतरून परत आली, तर बॉनेटभर टवके. गाडीच्या मालकापेक्षा मलाच जास्त लागलं.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“तू रोज धायरीहून खडीच्या ट्रकांमागून जातेस. पुढच्या भागाला फिल्म घे, बाकी कोटिंग,” ते म्हणाले. मग मान तिरकी करून त्यांनी गाडीच्या दारावर बोट ठेवलं. “आधी इथे पॉलिश करा. पुसल्याचे गोल ओरखडे आहेत. कोटिंगखाली तसेच राहतील.”

मालकांनी टॉर्च मारून पाहिलं. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं चमकली.

“काका, आपण दर गुरुवारी येत जाल का? काम सुरू करण्याआधी गाड्या बघायला?”

 त्या गुरुवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच तयार होते.

आता दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना आणायला जाते. परवा गाडीत बसल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे रंग बघत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, “आज एक पांढरी आली होती. लांबून नुसती पांढरी. जवळ गेलं की आत मोत्यासारखं काहीतरी हलत होतं.”

सिग्नल हिरवा झाला. मी गाडी सावकाश घेतली, त्यांचं बोलणं तुटू नये म्हणून.