मंदाच्या हाताचा चटका

लिंबायतच्या आमच्या गल्लीत मंदाला कुणी विचारत नव्हतं. नवरा गेला त्याच वर्षी थोरली जाऊ जयश्री हिने तिला कानबाई देवीच्या पाटाजवळून उठवलं. श्रावणात कानबाई बसते, आमचे सगळे खानदेशी भाऊबंद एका घरात जमतात, आणि मंदा दाराशी चपला राखत बसायची. एकदा तरी विसर्जनाला कानबाई डोक्यावर घेऊन नाचावं, एवढंच तिला हवं होतं. पण विधवेने असलं काही मागायचं नसतं म्हणे.

मंदा घरीच पॉलिस्टरच्या साड्यांच्या घड्या घालते. प्लास्टिकच्या चटईवर बसून दिवसभर कापडावर हात फिरवायचा. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात जयश्रीचा नातू तापाने फणफणला. मंदा कामावरून उठली, त्याच्या कपाळाला हात लावला, तर चट्‌कन ठिणगीच उडाली! दुसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्याच, पण त्यांचं नाव कोण घेतो?

"माय वं, तुन्हा हातमा कानबाई शे!" जयश्रीने हात जोडले.

झालं, बायकांची रीघ लागली. माझा नवरा हेमराज इच्छापोरला सुताच्या कारखान्यात आहे. त्याने समजावून पाहिलं, की दोन वस्तू घासल्या की एकीवरचा वीजभार दुसरीवर जातो. हवा कोरडी असली की तो अंगावर साचून राहतो आणि कुणाला हात लागला की ठिणगी होऊन उतरतो. त्यांच्या मशीनवरही असाच साचतो, म्हणून तार लावून तो जमिनीत सोडतात.

"तू तुन्हं मशीन देख," जयश्री म्हणाली. येत्या श्रावणात कानबाई मंदाच डोक्यावर घेणार, असंही तिने सांगून टाकलं.

संध्याकाळी मंदा माझ्याकडे आली. "वहिनी, हेमराजभाऊ खरं सांगस का?"

मी हो म्हटलं. तिने आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "श्रावणलगून ऱ्हाऊ दे, कोणले काही सांगू नको."

श्रावण आला. भिंतींना ओल, कपडे दमट. मंदाने नवी साडी नेसली होती. कानबाई उचलायच्या आधी जयश्रीने सगळ्यांसमोर डोकं पुढे केलं. मंदाने हात ठेवला. काही नाही. पुन्हा ठेवला. त्या ओल्या हवेत भार साचणार कुठून? तो होतो न होतो तोच निसटून जातो.

"देवी गयी वं हिन्हा हातमाईन," जयश्री म्हणाली आणि कानबाई आपल्या सुनेच्या डोक्यावर दिली. मंदा मुकाट्याने दाराशी जाऊन बसली. मला इतका संताप आला, की मी यंदा रोटाचा प्रसाद तोंडात घातला नाही.

आता पुन्हा थंडी पडली आहे. परवा जयश्री गुडघा धरून मंदाच्या दारात आली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. हिला वैद्याची पुन्हा गरज पडली होती.

"हात लाव ना वं, मंदा."

मंदा साड्यांतून उठली. लुगडं पायांना चिकटत होतं. दारातल्या, जमिनीत गेलेल्या लोखंडी नळाला तिने आधी बोट लावलं. चट्ट आवाज झाला. मग तिने जयश्रीच्या गुडघ्यावर सावकाश हात ठेवला, आणि काहीच झालं नाही.

"जिजी, तुन्ही कानबाई नळले दिधी," मंदा म्हणाली. चटईवर बसून तिने पुढची साडी ओढली.