सोफ्यावर बसलेली बाई

टोपीवाल्या बाईने मला फसवलं, सरळ सरळ फसवलं. कॅनडात, हॅमिल्टनमध्ये जुन्या फर्निचरचं दुकान चालवताना मी इटालियन, पंजाबी, गुजराती, सगळ्यांशी घासाघीस केली आणि कुणालाच बधलो नाही. पण ही पंचाहत्तरीची, सडपातळ, काळी अमेरिकन बाई पिवळी टोपी घालून आत शिरली की माझी अक्कल बाहेर पडायची. माझी पद्धत वसईच्या बाजारात शिकलेली: आधी हसायचं, मग भडकायचं, मग "चला, निघा" म्हणून पाठ फिरवायची. गिऱ्हाईक घाबरतं, नाहीतर भांडतं. दोन्हीत आपला फायदा. ही दोन्ही करत नसे. अर्धा भाव एकदाच सांगायची, खिडकीजवळच्या सोफ्यावर बसायची आणि पुस्तक उघडायची. मी ओरडलो की इतकं शांत बघायची की माझंच पुढचं वाक्य हरवायचं. एकदा एका लॅम्पवरून अशीच बसली ती रात्री दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत. शेवटी तो लॅम्प अर्ध्या भावात, बर्फातून, मीच तिच्या घरी पोचवून आलो. हे कसं घडलं, मला आजही कळलेलं नाही.

मग आमच्या मुलीला दूर रेजिना शहरातल्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली. गावात एवढी मोठी युनिव्हर्सिटी असताना पोरीने विमानाने कॉलेजला का जावं? लोनच्या फॉर्मवर मी सही करणार नाही म्हणालो. "डॅडी, इट्स माय लाइफ!" म्हणून तिने दार आपटलं. दुकानात येता-जाता पोरीची टोपीवालीशी गट्टी जमली होती; दुसऱ्या दिवशी टोपीवाली हजर.

"आज काय हवंय, मॅडम?"

"मुलीच्या फॉर्मवर तुमची सही," म्हणाली, आणि सोफ्यावर बसली.

तीन दिवस बसली. मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "माझ्या घरात नाक खुपसणारी तू कोण? ऊठ, चालती हो!" इथपर्यंत गेलो. तिने पान उलटलं. वर आमची बायको दुपारी तिच्यासाठी कालवण-भाताचा डबा घेऊन आली.

"अगं, शत्रूला जेवण?"

"ती निदान ओरडत तरी नाही."

तिसऱ्या दिवशी मी सही केली. म्हातारी उठली, टोपी नीट केली, "थँक यू, मिस्टर," म्हणाली आणि जाता जाता त्या सोफ्याचा अर्धा भाव सांगून गेली!

मुलगी रेजिनाला गेली. त्याच हिवाळ्यात म्हातारीही गेली, झोपेतच. नंतर मुलीने व्हॉट्सॲपवर इतिहासाच्या पुस्तकातला एक फोटो पाठवला. "डॅडी, इज दिस अवर आंटी?" अमेरिकेच्या दक्षिणेतलं, फक्त गोऱ्यांचं कॉलेज, कोर्टाने नुकतंच काळ्यांसाठी उघडायला लावलेलं. पुस्तकं छातीशी धरून एक मुलगी आत चालली आहे. चेहरा तोच. मुलीने पुढे लिहिलं होतं की बाहेरच्या गर्दीला तोंड देता यावं म्हणून त्याआधी चर्चच्या तळघरात अशा काळ्या मुलांचा सराव चालायचा. त्यांचेच मित्र तोंडावर शिव्या द्यायचे, डोक्यावर पाणी ओतायचे, आणि यांनी हलायचं नाही. म्हणजे बाई पैलवान निघाली! आखाड्यात उतरताना पैलवानाने तसं सांगायला नको? इतकी वर्षं मी तिला साधं गिऱ्हाईक समजत होतो.

रागारागाने मी फोटो मोठा करून पाहिला. तिच्या मागे गर्दी आहे. तोंडं वासलेली, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मी तिच्यावर ओरडायचो तेव्हा असाच दिसत असणार. म्हणजे तिच्यावर ओरडणारी माणसं दोन प्रकारची होती: ही रस्त्यावरची आणि ती तळघरातली. बाई, मी तुम्हाला त्यांतला कोण वाटत होतो? न सांगता निघून गेलात. आता याचा जबाब कुणी द्यायचा? कुणीतरी दिलाच पाहिजे.