कवळीकाकांचा चपळ सर्व्हो

कवळीकाकांनी लग्न ठरवायला अर्धा तास घेतला होता आणि गाडीचा सर्व्हो ठरवायला चार महिने. ही गोष्ट काकू कुणालाही सांगत, आणि काका समोर असले की जरा मीठमसाला लावून सांगत. काका मान वर न करता म्हणत, "लग्नाच्या वेळी निवडीला वाव कुठं होता? हो म्हणणारी तू एकटीच."

काकांची गाडी हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी, पण तिच्या पोटात खरंखुरं इंजिन होतं. ते नायट्रो नावाचं उग्र वासाचं इंधन पिई, धूर सोडी आणि असा आवाज करी की शेजारी खिडक्या लावून घेत. त्या गाडीत काडेपेटीहून थोडी मोठी एक डबी असते. आपण रिमोटचं चाक वळवलं की ही डबी गाडीची पुढची चाकं वळवते. तिलाच सर्व्हो म्हणतात. काकांचा जुना सर्व्हो गाडीबरोबरच आलेला, आत प्लास्टिकचे दाते, आणि स्वभावानं अगदी सरकारी. हुकूम ऐकायचा, पण सवडीनं. सरळ पट्टा संपून डावं वळण आलं की काका चाक वळवत, सर्व्हो विचार करत बसे, आणि तोवर गाडी कडेच्या टायरांवर जाऊन आदळे.

कवळीकाका हे नाव त्यांना गाड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पडलं, कारण धंदा कवळ्या करण्याचा. घराच्या मागच्या खोलीत लांब टेबल, त्यावर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे, मेणाच्या वड्या, एक छोटा दिवा आणि रंगाच्या छटेप्रमाणे लावून ठेवलेले दात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवत आणि काका मेणात एकेक दात बसवून कवळी उभी करत. त्या तोंडाचा मालक त्यांना कधी दिसत नसे. तरी जबडा हातात फिरवून ते सांगत, हा माणूस एकाच बाजूनं चावतो, आणि डॉक्टरांनी विचारलं तर ते खरं निघे. काकांचे हात म्हणजे त्या घराचं सगळं होतं. मुलीचं शिक्षण, घराचं छप्पर, काकूंचा चष्मा, सगळं त्या हातांतून आलेलं.

रविवारी मात्र दोघं मैदानावर. काका इतर स्पर्धकांबरोबर उंच मचाणावर उभे राहून गाडी चालवत, आणि काकू खाली. गाडी इंधनासाठी आत आली की तिला उचलायचं, टाकीचं झाकण उघडायचं, बाटली दाबायची, झाकण लावून गाडी पुन्हा सोडायची. हे काकू पाच सेकंदांत करत. एकोणीस वर्षांत त्यांनी एकदाही इंधन सांडलं नव्हतं, आणि याचा त्यांना भारी तोरा होता.

तर सर्व्हो. मैदानावर ज्याला त्याला या विषयात गती होती. एक म्हणे ताकद बघा, दुसरा म्हणे वेग बघा, तिसरा, ज्याची गाडी सहा महिने दुरुस्तीतच होती, तो तर सगळ्यांनाच शिकवत असे. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एका कागदावर रकाने आखले. कुठला सर्व्हो किती किलोची ओढ घेतो, कुठला किती झटकन वळतो, दाते प्लास्टिकचे की धातूचे. तो कागद चार महिने जबड्यांच्या शेजारी पडून होता. काकूंना वाटलं, आता हा कागदच गाडीत बसवणार.

शेवटी एका बुधवारी दोघं दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंनी तीन डब्या काउंटरवर ठेवल्या आणि सांगितलं, "काका, ताकद भरपूर घ्या आणि दाते धातूचेच घ्या. इंजिनच्या हादऱ्यांपुढं प्लास्टिक टिकत नाही. वेग मात्र मधला बरा. फार चपळ घेतलात तर तुमचं बोट शिंकलं तरी गाडी वळेल."

काका जन्मभर मधलं घेणारे. कापड घेतलं तर मधल्या भावाचं, बसायचं तर मधल्या ओळीत. त्यांनी तिसऱ्या डबीवर बोट ठेवलं. "हा द्या. सगळ्यात चपळ." काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

गुरुवारी दुपारी काकांनी मागच्या खोलीत सर्व्हो बसवला. गाडी ठोकळ्यावर, चाकं हवेत. इंजिन बंदच होतं. काकांनी रिमोट उचलला, आणि पुढची चाकं थरथरायला लागली. डावीकडे उजवीकडे, बारीक, न थांबता.

"खराब निघाला," काका म्हणाले. सर्व्हो काढून त्यांनी खोक्यात भरला. "तू जाऊन बदलून आण. मला दोन कवळ्या द्यायच्यात."

काकूंना नवल वाटलं. या माणसानं गाडीचा साधा स्क्रूसुद्धा कधी दुसऱ्याला आणू दिला नव्हता. पण कवळ्या खरंच द्यायच्या होत्या, म्हणून त्या निघाल्या, आणि दुकानात शिरतानाच ताईंना म्हणाल्या, "चार महिने घालवून हा असा माल."

ताईंनी सर्व्हो आपल्या रिमोटला जोडला. चाक वळवलं, तो वळला. चाक सोडलं, तो गप्प. रिमोट हातात धरून ताई मिनिटभर उभ्या राहिल्या. सर्व्हो जागचा हलला नाही.

"काकू," ताईंनी हळूच विचारलं, "रिमोट काकांच्याच हातात होता ना?"

 काकूंना मागच्या खोलीतल्या टेबलावरचा टॉवेल आठवला. गेली दोन वर्षं काका दात बसवताना दोन्ही मनगटं घडी घातलेल्या टॉवेलवर टेकवत. काकूंनी तो दर आठवड्याला धुतला होता आणि एकदाही विचारलं नव्हतं की हा कशाला.

"जुना सर्व्हो मंद होता," ताई म्हणाल्या. "असली बारीक थरथर त्याच्यापर्यंत पोचायचीच नाही. हा सगळं ऐकतो."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रिमोटमध्ये एक सेटिंग असतं, त्याचा आकडा वाढवला की बोटाच्या बारीकसारीक हालचालींकडे गाडी काणाडोळा करते. "पण काकांना विचारून करा."

"विचारलं तर ते रिमोट खाली ठेवतील आणि पुन्हा उचलणार नाहीत," काकू म्हणाल्या. "मी ओळखते त्यांना." कुठलं बटण कितीदा दाबायचं हे त्यांनी पिशवीवर लिहून घेतलं. वाटेत त्या दोनदा थांबल्या. गाडीचा नाद सुटला की कवळ्यांचं टेबल सुटेल, आणि टेबल सुटलं की हा माणूस दिवसभर करणार काय, हा विचार काही केल्या जाईना.

काका दारातच उभे होते. "काय झालं?"

"बदलून दिला."

"ताई काही म्हणाल्या?"

"काय म्हणणार? माल खराब निघतो कधीकधी."

 काकांनी खोकं घेतलं आणि ते आत गेले. शनिवारी ते आंघोळीला गेल्यावर काकूंनी पिशवी समोर ठेवून आकडा शून्यावरून पस्तीसवर नेला. असली लबाडी त्यांनी आयुष्यात केली नव्हती, पण जमली म्हणून मनातून खूश होत्या.

रविवारी गाडी पळाली ती बघण्यासारखी. सरळ पट्टा संपला, डावं वळण आलं आणि गाडी दोरी आखल्यासारखी आत शिरली. काकूंनी दोनदा टाकी भरली. नऊ गाड्यांत काका तिसरे आले, आणि सगळ्यांना शिकवणारा तो गृहस्थही गप्प बसला.

काका मचाणावरून उतरले, गाडी ठोकळ्यावर ठेवली आणि रिमोटची बटणं दाबून आकडा पुन्हा शून्यावर आणला. "इकडे बघ," ते म्हणाले.

पुढची चाकं थरथरत होती. काका चाकांकडे बघतच नव्हते, काकूंकडे बघत होते.

"तुम्हाला कधी कळलं?" काकूंनी विचारलं.

"रिमोट चालू केला की आकडा समोरच दिसतो. सकाळीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"शर्यत होती." मग ते म्हणाले, "आणि सर्व्होही तोच आहे. खराब नव्हताच तो. हात दोन वर्षं असाच हलतोय. जुन्यानं झाकून ठेवलं होतं. खरंच किती आहे ते मला बघायचं होतं, म्हणून सगळ्यात चपळ घेतला."

"माहीत होतं तर मला कशाला पाठवलंत बदलायला?"

काकांनी रिमोट खाली ठेवला. "तिथं कुणीतरी तुला सांगेल म्हणून. माझ्या तोंडून निघत नव्हतं. दारात उभा राहून वाट बघत होतो. तू आलीस आणि म्हणालीस, बदलून दिला."

काकूंना राग आला आणि रडूही आलं. त्या काकांना फसवल्याच्या खुशीत होत्या, आणि त्या एका शब्द बोलतील म्हणून हा माणूस तीन दिवस वाट बघत राहिला होता. त्यांनी काकांचा हात धरला, भर मैदानात, सगळ्यांच्या समोर. हात धरल्यावरही तो थरथरत होता.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं," त्या म्हणाल्या.

"आणि कवळ्या?"

"ते मला माहीत नाही. विचारू. दोघं मिळून विचारू."

काकांनी मान हलवली. पलीकडून दुसऱ्या फेरीची हाक आली, पण ते जागचे हलेनात. 

"आणि पुढच्या वेळी तोंडानं सांगा," काकू म्हणाल्या. "मला दर वेळी दुकानात जायला जमणार नाही."

मग रिमोट उचलून, त्यांच्या देखत, काकूंनी आकडा पुन्हा पस्तीसवर नेला, रिमोट काकांच्या हातात दिला आणि टाकी भरायला घेतली.