मायलेजसाठी डिकी रिकामी केली, आणि…

मंडळी, डोकं फिरलंय!

गाडी मायलेज देईना म्हणून एअर फिल्टर बदलला, टायरमधली हवा तपासली, ॲक्सिलेटरवरचा पाय हलका केला. तरी तेच. मग डिकी उघडली, तर आत सोलापुरी चादरींचे गठ्ठे! कुणाकडे गेलो तर आहेर द्यायला म्हणून वडील त्या कायम गाडीत ठेवतात. आज सकाळी भांडून सगळ्या घरात ठेवल्या.

दुपारी वडिलांना घेऊन मोहोळला मामाकडे गेलो. निघताना मामानं डिकी उघडली.

"आरं, रिकामीच हाय की! अशी कशी पाठवू?"

नको नको म्हणेपर्यंत ज्वारीची दोन पोती आत!

वाटेत वडील शांतपणे म्हणाले, "चादरी असत्या तर पोती मावली नसती."

आता सांगा, सर्व्हिसिंग गाडीचं करू की नातेवाइकांचं?